बचत गट आणि आपली पेढी

व्यापारात पैशापेक्षा पत मोठी, हे या स्मरणिकेच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. ज्याची पत आहे त्याचे भांडवलावाचून अडत नाही. ज्याची पत नाही त्याच्या अंगी कितीही कसब असले तरी ते घरातच राहते. आपल्या आसपासच्या खेड्यांतील स्त्री पिढ्यानुपिढ्या या दुसऱ्या वर्गात मोडत होती. शेतात ती राबे, धान्य ती पाखडी आणि निवडी, पुढल्या पेरणीचे बियाणे राखेत घोळून तीच जपून ठेवी. परंतु जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव नसे, म्हणून सोसायटीत तिला कर्ज नसे आणि पेठेत तिच्या नावाचे खाते नसे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या स्थितीत जो पालट झाला, त्याचे पुष्कळसे श्रेय महिलांच्या बचत गटांस द्यावे लागेल. या गटांविषयी आपल्या समाजात कौतुकाची भावना आहे, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि कौतुक निराळे आणि व्यवहार निराळा. आणि आमच्या मते गटांस आज कौतुकाहून व्यवहाराची निकड अधिक आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात आम्ही चाळीस वर्षे काढली. शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेत न शिरता वहीखात्याच्या भाषेतच हा विषय मांडतो.

प्रथम गट म्हणजे काय ते पाहू. एकाच गावातील, बहुधा एकाच आळीतील, दहा ते वीस स्त्रिया एकत्र येतात. दर आठवड्यास किंवा दर महिन्यास ठरलेली रक्कम प्रत्येकीने आणावयाची, ती सर्वांसमक्ष मोजावयाची, वहीत लिहावयाची, आणि जिला गरज असेल तिला त्यातूनच कर्ज द्यावयाचे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही गटाची पंचसूत्री म्हणून ओळखली जाते. वाचकांच्या लक्षात येईलच की, यातील एकही सूत्र आपल्या पेढीस परके नाही. सभासदसंख्या वीसवर का थांबते, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तरही व्यापाराच्या कायद्यातच आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यान्वये नफ्यासाठी व्यवसाय करणाऱ्या वीसहून अधिक जणांच्या मंडळीस नोंदणी आवश्यक होती. नोंदणीच्या कटकटीतून मोकळे राहावे म्हणून गट वीसच्या आत ठेवण्याची रीत पडली. २०१३ च्या नव्या कायद्याने ती मर्यादा वाढविली, तरी रीत कायम राहिली. आणि ते बरेच झाले, कारण वीस माणसे एकमेकांस ओळखतात, दोनशे ओळखत नाहीत.

लहान मंडळीत विश्वास टिकतो, हा धडा आपल्या कर्नाटकातच प्रथम नीट गिरविला गेला. १९८० नंतरच्या दशकात मायराडा ही संस्था येथील खेड्यांत काम करीत असता मोठ्या सहकारी सोसायट्या मोडकळीस आल्या, आणि त्यांतून एकमेकांवर विश्वास असणाऱ्या माणसांचे छोटे छोटे गट आपसूक वेगळे निघाले. या प्रयोगाकडे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे, म्हणजे नाबार्डचे, लक्ष गेले. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. पुढे २००० साली कर्नाटक सरकारची स्त्री शक्ती योजना आली, २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान आले, आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत बँकांत बचत खाते असलेल्या गटांची संख्या देशभरात सुमारे १ कोटी ४४ लाखांवर पोहोचली. त्यांच्या ठेवी सुमारे ६५ हजार कोटी रुपयांच्या झाल्या. विशेष हे की, गटांना दिलेल्या कर्जापैकी बुडीताकडे झुकलेल्या कर्जाचे प्रमाण त्या वर्षी शेकडा दोनच्या आसपास होते. आपल्यापैकी कितीजणांची उधारीची वही छातीवर हात ठेवून असे सांगू शकेल?

आता गटामुळे घरात नेमके काय घडते ते आकड्यांनी पाहू. समजा, पंधरा जणी दरमहा १०० रुपये टाकतात. वर्षाकाठी १८,००० रुपये जमतात. आपणांस ही रक्कम अल्प वाटेल. परंतु खेड्यात मुलाच्या आजारपणास किंवा पेरणीच्या तोंडावर ५,००० रुपये लागले, आणि ते गावच्या सावकाराकडून दरमहा शेकडा पाचने घेतले, तर महिन्यास २५० रुपये व्याज जाते. तेच गटातून शेकडा दोनने घेतले तर १०० रुपये होतात. १५० रुपये वाचले, हा झाला एक लाभ. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे: ते १०० रुपयेही गावाबाहेर जात नाहीत, गटाच्याच पेटीत पडतात, आणि वर्षअखेरीस त्यांत तिचाही वाटा असतो. कर्ज घेणारी आणि देणारी एकच झाल्यावर व्याजाचा काच पुष्कळ कमी होतो.

येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. मतभेदाची जागा पुढे आहे. कर्ज मिळाले म्हणजे उपजीविका सुधारली, असे अनेकजण गृहीत धरतात. सभांतून भाषणेही त्याच थाटाची होतात. वास्तविक तसे आपोआप होत नाही. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हैदराबाद शहरातील गरीब वस्त्यांत छोट्या कर्जांचा परिणाम तपासला आणि तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो खासगी कंपनीच्या कर्जांविषयी होता, बचत गटांविषयी नव्हे. तरी त्याचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांचा तो काहीसा वाढला. परंतु सर्वसाधारण कुटुंबाच्या राहणीत लक्षणीय वाढ दिसली नाही. व्यापाऱ्यास यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भांडवल हे गाडीचे एक चाक आहे. दुसरे चाक गिऱ्हाईक हे होय, आणि तेही असे गिऱ्हाईक की जे वेळेवर पैसे देते.

या दुसऱ्या चाकाचा प्रश्न आला की तो थेट आपल्या दाराशी येतो. आपल्या बेळगाव भागातील गट काय करतात? कोणी जोंधळ्याची कडक भाकरी करतात, जी महिनाभर टिकते आणि गोवा-मुंबईपर्यंत जाते. कोणी शेंगांची चटणी कुटतात, कोणी पापड, शेवया, सांडगे, मिरचीपूड करतात, कोणी खानापूरकडची नाचणी दळून पीठ बांधतात. एकाच गटात मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी शेजारी शेजारी बसून एकाच उखळात कांडतात. यांचा कच्चा माल आपल्या पेठेतून जातो आणि पक्का माल आपल्याच दुकानांतून विकला जातो. म्हणजे त्यांचे विक्रेते आपण आणि खरेदीदारही आपणच. त्यांच्या उपजीविकेची नाडी इतकी आपल्या हाती असता, आपण त्यांच्यासाठी काय करतो? महिला दिनास एखादे शिलाई यंत्र देतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. आणि त्याच गटाचे चटणीचे बिल, काही पेढ्यांवर, दोन-दोन महिने खिळ्याला लटकत राहते.

ही कठोर टीका वाटेल, म्हणून पुन्हा आकड्यांकडेच वळू. समजा, गटाचे खेळते भांडवल ३०,००० रुपये आहे, आणि प्रत्येक खेपेस खर्च वजा जाता शेकडा दहा सुटतात, म्हणजे ३,००० रुपये. पैसे पंधरा दिवसांत परत आले तर महिन्यात दोन खेपा होतात आणि ६,००० रुपये सुटतात. भांडवल गटाच्याच फंडातून शेकडा दोनने उचललेले असेल तर ६०० रुपये व्याज जाऊन ५,४०० उरतात. पंधरा जणींत प्रत्येकी ३६०. आता तोच माल, तोच भाव, तेच श्रम. परंतु पैसे साठ दिवसांनी आले. दोन महिन्यांत एकच खेप झाली. ३,००० सुटले, दोन महिन्यांचे व्याज १,२०० गेले, १,८०० उरले; म्हणजे महिन्यास ९००, आणि प्रत्येकीस ६० रुपये. मालाच्या भावात एका पैशाचाही फरक न करता, केवळ पैसे देण्यास उशीर झाल्यामुळे ३६० चे ६० झाले. दीड महिन्याच्या या विलंबात आपल्यासारख्या पेढीस काय मिळते? ३०-३३ हजारांवरील किरकोळ व्याज. परंतु तिकडे पंधरा घरांतील मिळकत सहापटीने घटते. शिलाई यंत्राच्या देणगीने ही तूट भरून निघत नाही.

वेळेवर दाम देणे ही केवळ सौजन्याची बाब आहे असेही नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात, नोंद झालेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचा माल घेतल्यास, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन घातले आहे; विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होते. तथापि खेड्यातील गट कायद्याचे पुस्तक घेऊन आपल्या गादीसमोर उभा राहणार नाही. भिडेपोटी तो गप्प बसेल, आणि एक दिवस चटणी कुटणे बंद करील. म्हणून कायद्याहून आपल्या रिवाजाने हा प्रश्न सुटला पाहिजे.

देणगी आणि व्यवहार यांतील फरक ज्यांनी मुळापासून ओळखला अशा एका संस्थेचे स्मरण येथे करणे उचित होईल. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिली चार पुडकी भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्यास त्यांनी विकली. कोणाकडे देणगी मागावयाची नाही, असा त्यांचा आरंभापासून निश्चय होता. तीच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नावाने सर्वतोमुखी झाली. ती शहरातील संस्था, आणि बचत गटही नव्हे. परंतु तिच्या इतिहासात एक व्यापारी आहे, आणि तो देणगीदार म्हणून नव्हे, खरेदीदार म्हणून आहे. आमच्या मते व्यापाऱ्याची खरी जागा तीच.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे. तेथील ग्रामीण स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने आपली सहकारी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा पहिला अर्ज सभासद निरक्षर असल्याच्या कारणाने नामंजूर झाला. त्या खचल्या नाहीत. लिहावयास-वाचावयास शिकल्या, पुन्हा अर्ज केला, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे आणि आपल्या मालाचे. धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ तालुक्यात तीर्थ नावाचे गाव आहे. तेथील बीबी फातिमा महिला स्वसहाय्य संघाने भरडधान्यांची बियाणे जतन करणारी बी-बँक उभारली, प्रक्रिया केंद्र चालविले, आणि २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळविला. राळे, सावा, नाचणी ही धान्ये आपल्या पेठेतून जवळजवळ हद्दपार झाली होती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि शहरांतून त्यांची मागणी वाढली, तेव्हा बियाणे कोणाकडे सापडले, तर खेड्यातील अशा स्त्रियांकडे. धान्याच्या व्यापाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

आता गटांविरुद्ध आपल्या पेठेत जे आक्षेप घेतले जातात त्यांचाही विचार केला पाहिजे, कारण ते सर्वस्वी खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा की, गटांचा माल एकसारखा नसतो. एका खेपेस चटणी तिखट, दुसऱ्या खेपेस सपक, वजनात उणे-अधिक, पुडक्यावर तारीख नाही. हे पुष्कळदा खरे असते. परंतु प्रतवारी, चाळणी, ओलाव्याची पारख, बारदान, कीड न लागता साठवण, ही तर आपली विद्या. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, महिना आणि उत्पादकाचे नाव-पत्ता छापावा लागतो, अन्न सुरक्षेखाली नोंदणी करावी लागते, हे आपल्या मुनीमास पाठ आहे. जे आपणांस पाठ आहे ते दुसऱ्यास शिकविण्यास दोन दुपारी पुरतात. माल परत करणे सोपे. तो का परत केला हे सांगणे त्याहून उपयोगाचे.

दुसरा आक्षेप आपले किरकोळ दुकानदार बंधू घेतात, आणि त्यांची चिंता आम्हांस समजते. गटातील पंधरा घरे सुगीनंतर वर्षाचे धान्य एकदम घाऊक भावाने भरू लागली, तर दुकानाचे गिऱ्हाईक तुटेल, असे ते म्हणतात. धान्यापुरते ते काही अंशी घडेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सावकाराच्या व्याजातून वाचलेले जे १५० रुपये आम्ही वर दाखविले, ते कोठे जातात याचाही हिशेब मांडावा. ते तेल, साखर, वह्या, कापड यांसाठी त्याच दुकानात येतात. कर्जात बुडालेले गिऱ्हाईक उधारी वाढविते. हाती पैसा असलेले गिऱ्हाईक रोख घेते. सारी हयात ज्याने किरकोळ उधारी वसूल करण्यात घालविली, त्यास या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

एका सावधगिरीची सूचना मात्र दिलीच पाहिजे. बायकांचा जमाव करून कर्ज वाटणारी प्रत्येक मंडळी बचत गट नव्हे. खऱ्या गटात आधी बचत, मग कर्ज, आणि व्याज गटातच राहते. याउलट काही कंपन्या बचतीवाचून कर्ज देतात, एका घरावर तीन-तीन कर्जे चढतात, आणि वसुलीसाठी दारात माणसे बसतात. अशा प्रकारांमुळे २०१० साली आंध्र प्रदेशात सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि २०२५ साली कर्नाटकासही वसुलीतील जुलूम रोखण्यासाठी कायदा करावा लागला. आपण एखाद्या गटाशी व्यवहार जोडताना त्याची इतिवृत्ताची वही आणि बचतीची नोंद पाहावी. ज्या गटाची बैठक चुकत नाही, त्याचा माल बहुधा चुकत नाही.

व्यापारी बंधू-भगिनींनो, आमचे म्हणणे आता थोडक्यात मांडतो. आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत एक ठराव करावा: बचत गटाच्या मालाचे पैसे माल उतरल्यापासून सात दिवसांच्या आत चुकते होतील, आणि हा नियम पाळणाऱ्या पेढ्यांची नावे पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीच्या आधी छापली जातील. गट कच्चा माल घेण्यास आला असता, पोते एक असो वा दहा, त्यास घाऊक भाव लावावा. आणि आपल्या घरांतील सुना-मुलींपैकी ज्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत, त्यांनी महिन्यातून एक दुपार एखाद्या गटाची रोकडवही तपासण्यास, बिल कसे करावे हे दाखविण्यास द्यावी. त्यांच्या शिक्षणाचे यामुळे चीज होईल, आणि खेड्यातील भगिनीस आपल्या श्रमाचा हिशेब स्वतः सांगता येईल.

यात कोणावर उपकार नाही. ज्याचा माल घेतला त्याचे दाम ठरल्या दिवशी देणे, हा आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेला धंद्याचा पहिला नियम आहे. बड्या गिरणीचे बिल आपण तारखेस चुकविताच, कारण चुकविले नाही तर पुढचा माल येत नाही. पंधरा बायकांच्या गटाजवळ अशी धमकी देण्याचे सामर्थ्य नाही, एवढाच काय तो फरक. त्या फरकाचा फायदा घ्यावयाचा की नाही, यावरून आपल्या पेढीची पत ठरेल.